इबेलिनची तन्हाई

'तन्हाई' या उर्दू शब्दाचे मराठीकरण करताना आमची नेहमीच अडचण होते. मराठीत एकटेपणा आहे, एकाकीपणा आहे आणि एकांतही आहे. माणूस घरात एकटा असतो, गर्दीत एकाकी असतो आणि एकांत तर तो स्वतःहून शोधत जातो. उर्दू गजलेने या तिन्ही अवस्था एकाच शब्दात भरल्या आणि वर त्या शब्दाला कधी मैत्रिणीचा, कधी दुश्मनाचा दर्जा दिला. स्वतः पत्करलेल्या एकांतासाठी 'खल्वत' हा वेगळा शब्द आहे खरा, पण तो किताबांतच राहिला, रोजच्या बोलण्यात आला नाही. बेंजामिन री या नॉर्वेजियन दिग्दर्शकाचा 'इबेलिन' हा माहितीपट पाहताना हे सारे शब्द आमच्या डोक्यात घोळत होते. २०२४ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला, तेथे प्रेक्षकांचे आणि दिग्दर्शनाचे असे दोन पुरस्कार त्याला मिळाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' या नावाने तो नेटफ्लिक्सवर आला. एका मुलाचे आईवडील म्हणतात, आमचा मुलगा एकाकी जगला. चित्रपट म्हणतो, तुम्हाला ठाऊक नाही, तो एकाकी नव्हता. आम्हाला दोघांचेही म्हणणे पुरते पटलेले नाही.

मॅट्स स्टीन हा ओस्लोचा मुलगा. जन्म १९८९ चा. तो चार वर्षांचा असताना त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असल्याचे निदान झाले. या आजारात स्नायू शाबूत राखणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन शरीरात तयार होत नाही. मूल आधी चालताना पडू लागते, मग चाकाच्या खुर्चीत बसते, पुढे हातांतले बळ जाते आणि शेवटी हृदय व श्वासाचे स्नायू थकतात. हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. मॅट्स २५ वर्षे जगला आणि १८ नोव्हेंबर २०१४ रोजी गेला. शेवटची दहाएक वर्षे त्याने बहुतांशी संगणकासमोर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळण्यात काढली. त्या वर्षांतले खेळाचे तास पंधरा ते वीस हजारांच्या घरात जातात. आईवडिलांना वाटे, पोराला ना मित्र, ना प्रेम, ना जगात काही करून दाखवण्याची संधी. बिचारा राक्षस मारीत बसला आहे, बसू द्या.

मॅट्स इंटरनेटवर एक रोजनिशी लिहीत असे. तिचा पासवर्ड तो मागे ठेवून गेला होता. वडिलांनी, रॉबर्ट स्टीन यांनी, तेथे मुलाच्या निधनाची बातमी लिहिली आणि कोणाला काही सांगायचे असेल तर लिहा म्हणून आपला पत्ता दिला. मग पत्रे येऊ लागली. पाच-दहा ओळींची नव्हेत, पानपानभर. निरनिराळ्या देशांतून, अनोळखी माणसांची. आणि ती सगळी मॅट्सला नव्हे तर 'इबेलिन'ला ओळखत होती. अंत्यविधीला त्यांतले पाच जण निरनिराळ्या देशांतून आले. शवपेटीवर 'स्टारलाइट' या त्यांच्या गिल्डचे, म्हणजे खेळातल्या जमातीचे, निशाण अंथरले होते.

हा खेळ अमेरिकेत २००४ च्या नोव्हेंबरात आणि युरोपात २००५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्याचे बरेच सर्व्हर लढायांसाठी होते, पण काही सर्व्हर 'रोलप्ले'साठी राखलेले होते. 'अर्जेंट डॉन' हा त्यांतला एक, आणि स्टारलाइट ही तेथली. रोलप्ले म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला 'तिलिस्मे होशरुबा'ची आठवण पुरेशी आहे. १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर प्रेसने जे खंड छापले त्यांत जादूची नगरी आहे, तिचे स्वतःचे कायदे आहेत आणि त्या नगरीत वेश पालटून हिंडणारे अय्यार आहेत. अय्यार म्हातारी होतो, सौदागर होतो, शत्रूच्या दरबारात नाचणारीण होतो. रोलप्लेमध्ये प्रत्येक जण अय्यार असतो. फरक एवढाच की दास्तानमध्ये दास्तानगो एक आणि ऐकणारे अनेक. येथे ऐकणारा कोणीच नाही, सगळेच सांगणारे. कोणी लोहार होतो, कोणी दारुड्या सैनिक, कोणी हरवलेली राजकन्या. मॅट्सने गुप्तहेर व्हायचे ठरवले. इबेलिन रेडमूर नावाचा, उंचापुरा, दणकट, बायकांशी गोड बोलणारा, खानदानी गुप्तहेर. ज्याला चमचा उचलणे जड जात होते त्याने हे शरीर निवडावे यात आश्चर्य नाही. रोज खेळ सुरू केला की इबेलिन आधी धावायला जात असे. अर्धा तास, एकटा, रानावनातून.

ही सारी दास्तान टाइप करून घडते, हे विसरता कामा नये. पात्र हसले असे दाखवायचे तर त्यासाठी एक आज्ञा देऊन वाक्य लिहावे लागते आणि ते पात्राच्या नावापुढे नारिंगी अक्षरांत उमटते: इबेलिन हसतो, इबेलिन टोपी काढून झुकतो. बोललेले वाक्य आसपास उभ्या असलेल्या पात्रांनाच 'ऐकू' येते, लांब गेले की नाही. म्हणजे त्या मायावी नगरीतसुद्धा माणसाला माणसाजवळ चालत जावे लागते. शिवाय या सर्व्हरांवर पात्राचे नाव काहीबाही ठेवून चालत नसे, ते त्या जगाला शोभावे असा नियम होता. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे असेल, पण आम्हाला या सगळ्यात खेळापेक्षा व्याकरण जास्त दिसते. रोलप्ले करणारा स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहितो. 'मी हसलो' असे नाही, 'तो हसतो'. आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे. गजलेच्या मक्त्यात शायर स्वतःला तखल्लुसने हाक मारतो, जणू समोर दुसराच कोणी बसला आहे. असदुल्लाह खाँ नावाचा कर्जबाजारी माणूस वेगळा आणि मक्त्यातला गालिब वेगळा. तरी पहिल्याचे दुःख दुसऱ्याच्या तोंडी आल्याशिवाय बाहेर पडत नव्हते. तखल्लुस हा मुखवटा आहे हे मान्य, पण तोंड लपवायला मुखवटा घालणारे थोडे आणि तोंड उघडता यावे म्हणून घालणारे पुष्कळ.

उर्दूत 'गायबाना दोस्ती' असाही एक सुंदर शब्द आहे. न पाहिलेल्याशी, केवळ पत्रांवरून, लिखाणावरून झालेली मैत्री. आमच्या आधीच्या पिढीतील शिक्षक मंडळींच्या अशा कितीतरी दोस्त्या उर्दू रिसाल्यांच्या पत्रव्यवहारातून जुळल्या होत्या. मालेगावचा माणूस हैदराबादच्या माणसाला तीस वर्षे लिहीत राही आणि दोघे एकमेकांना कधी भेटत नसत. कोणी त्यांना एकाकी म्हटले नाही. तेच संगणकावर झाले की लगेच आजार वाटू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत जागा दिली आहे, ती सूची २०२२ पासून लागू झाली, आणि तो विकार खरोखर असतो यात शंका नाही. पण पंधरा हजार तास हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. पंधरा हजार तास कोणाबरोबर, हे विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट चित्रपटात आहे पण तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. मॅट्स नॉर्वेचा, त्याची जवळची मैत्रीण नेदरलंड्सची, दुसरी डेन्मार्कची, आणि लिहीत होते सगळे इंग्रजीत. यांतल्या बहुतेकांची ती आईची भाषा नव्हती. घरी एक भाषा, मन मोकळे करायला दुसरी. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि या अंकात लिहायचे तर मराठी, असे आपले तीन मजली घर आहे. परक्या भाषेत माणूस थोडा धीट होतो, कारण त्या भाषेत त्याला लहानपणी कोणी रागावलेले नसते. स्वतःच्या भाषेत जे बोलायला जीभ रेटत नाही ते दुसऱ्या भाषेत लिहून जाते. इबेलिन हे नाव, ते शरीर, ती टोपी जितकी मुखवट्याचा भाग होती तितकीच ती इंग्रजीही होती, असे आमचे मत आहे.

आता चित्रपटाच्या रचनेकडे वळू. पहिली वीस-पंचवीस मिनिटे री आपल्याला आईवडिलांच्या बाजूला बसवतो. घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये येतात. लहानगा मॅट्स, पडणारा मॅट्स, खुर्चीतला मॅट्स, संगणकाकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून बसलेला मॅट्स. मग अंत्यविधी होतो, पत्रे येतात, आणि चित्रपट मागे जाऊन तेच आयुष्य पुन्हा सांगू लागतो. आता खेळाच्या आतून. गिल्डच्या संभाषणांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. ४२ हजार पाने. त्या नोंदींतील वाक्ये अभिनेत्यांकडून वाचवून घेऊन आणि खेळाच्याच चित्रशैलीत ॲनिमेशन करून री इबेलिनला चालते-बोलते करतो. हे करण्यासाठी खेळाच्या मालक कंपनीची परवानगी लागणार होती आणि ती त्याने चित्रपट जवळजवळ पुरा झाल्यावर मागितली, हे वाचून आम्हाला त्याच्या छातीचे कौतुक वाटले.

काही प्रसंग विसरता येणार नाहीत असे आहेत. 'रूमर' नावाचे पात्र इबेलिनची टोपी हिसकावून पळते, अशी त्या डच मुलीशी ओळख होते. पुढे अभ्यासात मागे पडली म्हणून तिचे आईवडील तिचा संगणक काढून घेतात. (कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल, आमच्या स्टाफरूममध्ये पालकांना हाच सल्ला दर आठवड्याला दिला जातो.) तेव्हा मॅट्स तिच्या आईवडिलांना पत्र लिहितो. इबेलिन म्हणून नव्हे, मॅट्स म्हणून. सतरा-अठरा वर्षांचा एक अनोळखी मुलगा दुसऱ्या देशातल्या आईबापांना सांगतो की तुमच्या मुलीला सोबतीची गरज आहे. दुसरा प्रसंग डेन्मार्कमधील एका आईचा. तिच्या स्वमग्न मुलाला स्पर्श सहन होत नाही, त्यामुळे तिला त्याला जवळ घेता येत नाही. मॅट्स तिला सुचवतो, तुम्ही दोघे खेळात एकत्र या. आईचे पात्र आणि मुलाचे पात्र खेळात एकमेकांना मिठी मारतात, आणि काही काळाने ती मिठी पडद्याबाहेर येते. हे लिहितानाही आमचा हात थबकतो. ज्याने हा उपाय सांगितला त्याला स्वतःला कोणाला मिठी मारण्यासाठी हात उचलता येत नव्हते.

येथपर्यंत आम्ही चित्रपटाबरोबर आहोत. पण याच ठिकाणी री घाई करतो. आईवडिलांनी 'एकाकी' म्हटले ते चूक होते, एवढे सिद्ध झाले की 'एकाकी नव्हता' हे आपोआप सिद्ध झाले, असे तो धरून चालतो. चित्रपटातच याच्या उलट पुरावा भरपूर आहे. मॅट्सने कित्येक वर्षे गिल्डमधील कोणालाही आपला आजार सांगितला नाही. कॅमेऱ्यासमोर येणे त्याने टाळले. त्याच्याशी रोज बोलणाऱ्यांना तो कसा दिसतो हे ठाऊक नव्हते. लोक आपली दुःखे त्याच्याजवळ घेऊन येत, तो ऐकून घेई, समजूत घाली आणि स्वतःचे दुःख तेवढे झाकून ठेवी. ज्याच्याजवळ सगळे रडतात आणि जो कोणाजवळ रडत नाही, त्याला काय म्हणायचे? एकटा तो नव्हता. एकाकी मात्र होता, आणि पडद्यामागे बसला म्हणून नव्हे, तर ज्या लोकांवर त्याचा जीव होता त्यांच्यातच अर्धा लपून बसावे लागले म्हणून. सूफींच्या एका परंपरेत 'खल्वत दर अंजुमन' असा शब्दप्रयोग आहे, मेळ्यात राहून मनाने एकांत राखणे. मॅट्सचे घडले ते वेगळेच होते. त्याने खल्वतीत बसून अंजुमन भरवली, आणि त्या अंजुमनमध्येही एक कोपरा त्याला आतून कडी लावलेला ठेवावा लागला.

शेरी टर्कल या अमेरिकन अभ्यासिकेने १९९५ मध्ये, म्हणजे हा खेळ निघण्याच्या कितीतरी आधी, शब्दांवर चालणाऱ्या जुन्या रोलप्ले-जगांचा अभ्यास करून पडद्यावरील अनेक 'मीं'चे मोकळ्या मनाने स्वागत केले होते. त्याच बाईंनी २०११ मधील पुस्तकात सूर बदलला आणि माणसे जोडलेली असूनही एकटी पडत चालली आहेत असे म्हटले. टीकाकार मंडळी याला कोलांटउडी म्हणतात. आम्हाला दोन्ही निरीक्षणे खरी वाटतात. मॅट्सच्या एकाच आयुष्यात ती दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती.

म्हणून आमच्या मते चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग मिठीचा नाही, त्यानंतरचा आहे. प्रकृती ढासळू लागते तसा मॅट्स चिडचिडा होतो. खेळात माणसांना टोचून बोलतो, भांडतो, जवळची माणसे दुखावतात. गिल्डमध्ये त्याच्याविषयी नाराजी वाढते आणि त्याला जाब विचारला जातो. त्यांना कारण ठाऊक नसते, त्यामुळे दयाही आड येत नाही. आजारी मुलाला आयुष्यात कोणी खडसावून विचारत नाही. घरातले, दवाखान्यातले, शाळेतले सगळे जपून बोलतात. येथे मात्र त्याला बरोबरीच्या माणसासारखे वागवले जाते, म्हणजे त्याच्यावर रागावले जाते. यानंतर कधीतरी तो आजाराविषयी उघड लिहू लागतो. ती रोजनिशी २०१३ मध्ये सुरू झाली. म्हणजे खेळात आल्यापासून इतक्या वर्षांनी आणि मृत्यूच्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आधी. एवढ्या मोठ्या गोष्टीला रीने दिलेला वेळ अपुरा आहे. येथे संगीत थांबायला हवे होते. ते थांबत नाही, आणि आपण भराभर शेवटाकडे नेले जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वडिलांना समाधान केव्हा मिळते? मुलगा दुसऱ्यांच्या उपयोगी पडला हे कळल्यावर. ते समाधान बापाचे आहे आणि त्यावर बोलण्याचा आम्हाला हक्क नाही. पण चित्रपटाने तेच आपले माप करावे काय? नावातच 'रिमार्केबल' हा शब्द आहे. धरून चालू या की मॅट्सने कोणाला सल्ला दिला नसता, कोणाचे मूल सावरले नसते, नुसताच रोज अर्धा तास धावला असता, भिकार विनोद केले असते आणि रात्री झोपला असता. मग त्याचे जगणे वाया गेले असते? अपंग माणसाला समाजात जागा मिळवायची तर आधी काहीतरी विलक्षण करून दाखवावे लागते. एक तर 'बिचारा' नाही तर 'कमाल'; मधली, साधी जागा त्याच्या वाट्याला येत नाही. आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश अपंगत्वाच्या २१ प्रकारांत केला. वर्तमानपत्रांत मात्र अशा मुलाची बातमी तो दहावीला नव्वद टक्के मिळवतो तेव्हाच येते. साठ टक्केवाल्याचा फोटो आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट आहे ती न दाखवलेल्यांची. हा चित्रपट निघू शकला, कारण मुलाने पासवर्ड ठेवला, बापाने बातमी लिहिली आणि गिल्डने नोंदी राखल्या. या तीन गोष्टींपैकी एक नसती तर इबेलिन एका दिवशी खेळात आला नसता, दुसऱ्या दिवशी आला नसता, काही आठवडे लोकांनी विचारपूस केली असती आणि मग त्याचे नाव यादीत करडे होऊन राहिले असते. या जगांमध्ये अशी असंख्य नावे असतात. माणूस मेला, की त्याला नोकरी लागली, की लग्न झाले, की घरच्यांनी इंटरनेट तोडले, हे उरलेल्यांना कळण्याचा मार्ग नसतो. आपल्या मोहल्ल्यात एखादा माणूस तीन दिवस चहाच्या टपरीवर आला नाही तर चौथ्या दिवशी कोणीतरी दार वाजवते. तिकडे वाजवायला दारच नाही. रोलप्ले करणाऱ्यांचे खरे एकाकीपण आम्हाला येथे दिसते. खेळणाऱ्याच्या एकटेपणापेक्षा मागे राहिलेल्याचा हा एकटेपणा निराळा आहे, त्याला शोक करायचा असतो आणि नेमका कशाचा ते ठाऊक नसते. वर घरात सांगायची सोय नाही. सांगणार काय, की माझा एक लोहार मित्र येईनासा झाला आहे? रीने ज्यांना बोलते केले आहे ती सगळी मॅट्सवर माया करणारी, मॅट्सचा शेवट कळलेली माणसे आहेत. त्या अर्थाने ती नशीबवान आहेत.

येथे एक स्पष्टीकरण द्यायला हवे. मॅट्सची परिस्थिती आणि आपल्या पोरांची परिस्थिती एका तागडीत घालता येणार नाही. त्याचे वडील पुढे ओस्लो शहराच्या कारभारी मंडळात होते. घराला जोडून त्याच्यासाठी केलेले स्वतंत्र दालन होते, मदतीला माणसे होती, बोटांच्या उरलेल्या हालचालींवर चालेल असा खास कीबोर्ड नि माऊसचा सरंजाम होता. आपल्याकडे पोरे मोबाइलवर खेळतात, तोही बहुधा मोठ्या भावाचा असतो. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांचे चेहरे पडले होते. त्यांचे दुःख बंदुकीचे नव्हते, रात्री दहा वाजता कानात बोलणाऱ्या चौघांचे होते. पण ते लढण्याचे खेळ. शब्दांचा रोलप्ले करणारी मुले आपल्याकडे थोडी आणि ती बहुतेक इंग्रजी माध्यमाची. अलीकडे काही मुले माणसाऐवजी यंत्राशी रोलप्ले करू लागली आहेत. 'कॅरेक्टर एआय' या कंपनीला २०२५ च्या नोव्हेंबरपासून १८ वर्षांखालील मुलांसाठी असा मोकळा संवाद बंद करावा लागला. 'इबेलिन' पाहिल्यावर या दोहोंतला फरक लख्ख दिसतो. यंत्र कंटाळत नाही, दुखावत नाही आणि जाबही विचारत नाही. मॅट्सच्या पलीकडे जे बसले होते ते कंटाळणारे, रुसणारे, परीक्षेत नापास होणारे लोक होते. त्याने टोचून बोलल्यावर कोणीतरी खरोखर रडले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातील दर सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. आमच्या चाळीस मुलांच्या वर्गात, या हिशेबाने, सहा-सात. ती कोण हे हजेरीपटावरून कळत नाही, आणि कोणाच्या हातात मोबाइल आहे त्यावरूनही नाही.

शेवटी चित्रांविषयी. ॲनिमेशन देखणे आहे, इबेलिन ऐटीत चालतो, संध्याकाळच्या उजेडात कुरणे चमकतात, दोन पात्रे बोलतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर भाव उमटतात. पण त्या वेळच्या खेळात ते भाव नव्हते. पात्रे जवळजवळ निर्विकार चेहऱ्याने एकमेकांसमोर उभी असत आणि खाली अक्षरे उमटत. मॅट्स एक ओळ लिही, मग थांबे. शेवटच्या काळात बोटे साथ देत नसताना ती ओळ यायला किती वेळ लागत असेल! पलीकडच्याला तो विलंब दिसत होता, त्याचे कारण दिसत नव्हते. पुढची ओळ येईपर्यंतच्या त्या कोऱ्या जागेत जे काही होते, तीच आम्हाला या माणसाची तन्हाई वाटते, आणि नेमकी तीच जागा रीने रंगवून भरून टाकली आहे. चित्रपटाला कोरी जागा परवडत नाही, हे आम्हाला समजते.

म्हणून ती ४२ हजार पाने आम्हाला खुणावतात. त्यांतील सर्व छापण्याजोगी नसणार. बरीच फालतू गप्पाटप्पा असणार, आणि ती एकट्या मॅट्सची मालमत्ताही नाही, प्रत्येक पानावर दुसऱ्या कोणाची तरी ओळ आहे. पण सगळ्यांच्या संमतीने दोनशे पाने निवडावीत, चुकांसकट, वेळेच्या नोंदींसकट, एका ओळीपासून दुसरीपर्यंत किती मिनिटे गेली तेही दाखवून. अंत्यविधीला जे पाच जण आले होते त्यांनीच ती निवडावीत.